सुमायाच्या कड्यातल्या दोन रेघा

पहिला दिवस : त्रयोदशी

तुलूझहून सकाळी सातला निघालो. गाडी भाची चालवत होती. मी शेजारी, मांडीवर नकाशा आणि भूशास्त्राची जुनी वही. रस्ता सरळ पश्चिमेला जातो आणि डाव्या हाताला पिरेनीजची रांग सोबत करते. सप्टेंबर संपत आला होता, शिखरांवर बर्फ नव्हतं, पण डोंगरांची धार स्वच्छ दिसत होती. "मावशी, पाच दिवस एकच कडा बघणार आपण?" तिने पो गावाच्या आसपास विचारलं. मी हो म्हटलं. पंचवीस वर्षं वर्गात ज्या कड्याबद्दल बोलले, तो एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता. पाच दिवस मला कमीच वाटत होते.

माझा विषय फोरॅमिनिफेरा. समुद्रातले एकपेशीय जीव, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. त्यांतले पुष्कळसे स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात, एका खोलीला लागून दुसरी, तिसरी. काही जाती समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगतात, काही तळाच्या चिखलात राहतात. जीव मेला की घर उरतं, गाळात गाडलं जातं, आणि गाळाचा खडक झाला तरी आत तसंच राहतं. त्यामुळे एखाद्या थरातला मूठभर मऊ खडक भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्या काळी समुद्राच्या वर कोण राहत होतं आणि तळाशी कोण, हे दोन्ही कळतं.

वर्गात मी फळ्यावर दोन आडव्या रेघा काढत असे. खालची ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. त्या वेळी लघुग्रह आदळला, डायनोसॉर गेले. वरची ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. त्या वेळी काहीही आदळलं नाही, फक्त पृथ्वी तापली. मग मुलांना विचारायचे, खोल समुद्राच्या तळावरच्या जिवांचं जास्त नुकसान कोणत्या रेघेला झालं? दरवर्षी सगळा वर्ग खालच्या रेघेकडे बोट दाखवायचा. उत्तर वरची रेघ आहे. आणि या दोन्ही रेघा एकाच गावाच्या किनाऱ्यावर, पायी जाण्याच्या अंतरात दिसतात, असं ठिकाण म्हणजे स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रांतातलं सुमाया. नकाशात ते झेड अक्षराने लिहितात, पण बास्क भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'स' होतो.

सरहद्दीच्या अलीकडे आँदाय गावी समुद्रावर थांबून डबा खाल्ला. या गावाला माझ्या विषयात एक मान आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेचे पीटर वॉर्ड सुमायाच्या कड्यात अमोनाइट शोधत होते. अमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या शिंपल्यात राहणारे, माकुलाच्या दूरच्या नात्यातले प्राणी. सुमायात शेवटचा अमोनाइट त्यांना खालच्या रेघेच्या सुमारे दहा मीटर खाली सापडला, म्हणजे लघुग्रह येण्याआधीच हे प्राणी संपले होते की काय अशी शंका आली. पुढे आँदायच्या कड्यांत शोधल्यावर ते थेट रेघेपर्यंत मिळाले. एका किनाऱ्यावर न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, हे मी मुलांना या गावाच्या नावानिशी सांगायचे. आज तिथे बसून पोळीभाजी खाल्ली.

बिदासोआ नदी ओलांडली की स्पेन. दुपारी अडीचला सुमायात पोचलो. उरोला नदीच्या मुखावरचं गाव, अरुंद चढाच्या गल्ल्या, किल्ल्यासारख्या जाड भिंतींचं सान पेद्रोचं चर्च. आम्ही उतरलो त्या घरात दाराजवळच भरती-ओहोटीचं कोष्टक लावलेलं होतं. इथे येणाऱ्याला ते आधी वाचावं लागतं, कारण कड्याचा पायथा फक्त सुकतीलाच उघडा पडतो.

रात्री रत्नागिरीला आईशी बोलले. तिने पहिलं विचारलं ते पाण्याचंच. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता पाणी पुरतं भरतं. तेराची पाऊणपट पावणेदहा. "अमावास्येला सव्वाअकराला पाणी भरेल, तेव्हा खडकांत थांबू नका," आई म्हणाली. मी कोष्टक पुन्हा पाहिलं. इथे अमावास्येला अकराच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली असणार होतं. चंद्र तोच, तिथीही तीच, पण प्रत्येक समुद्राला आपल्या किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे वेळ लागतो. आईला हे पटवायला बराच वेळ लागला.

दुसरा दिवस : चतुर्दशी

सान तेल्मोच्या छोट्या देवळापासून चालायला सुरुवात केली. सान तेल्मो हा खलाशांचा पाठीराखा संत. देऊळ कड्याच्या अगदी टोकाला उभं आहे आणि खाली इत्सुरुनचा किनारा. तिथून कडा पहिल्यांदा समोर आला आणि मी काही वेळ बोलू शकले नाही.

फळ्यावर मी रेघा आडव्या काढत होते. इथे त्या जवळजवळ उभ्या आहेत. आफ्रिका-युरोपच्या ओढाताणीत आयबेरिया उत्तरेकडे ढकलला गेला, पिरेनीज वर आला, आणि त्याच रेट्यात समुद्राच्या तळाचे सपाट थर मुडपून उभे झाले. कपाटात पुस्तकं लावावीत तसे हजारो थर शेजारी शेजारी. कठीण चुनखडीचा एक पुढे आलेला, मऊ मार्लचा एक आत गेलेला, पुन्हा चुनखडी, पुन्हा मार्ल. मार्ल म्हणजे चिकणमाती आणि चुना एकत्र बसून झालेला खडक. अशा आलटून पालटून आलेल्या थरांना फ्लिश म्हणतात. हे सगळं उथळ किनाऱ्यावर नव्हे, सुमारे हजार मीटर खोल पाण्यात साचलं. म्हणजे मी समुद्राच्या तळाकडे आडवी पाहत होते.

तिथून पश्चिमेला आल्गोरीच्या टोकापर्यंत पायवाट जाते. खाली उतरून खडकांवर गेलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि पाणी दूर गेलेलं. खडकावर शेवाळ फार. कोकणातल्या कातळावर चालायची सवय होती म्हणून निभावलं. भाचीने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

इथले जुने थर करडे-जांभळे. क्रिटेशस काळाचा, म्हणजे डायनोसॉरांच्या युगाचा, शेवट. या थरांत खाली, म्हणजे पश्चिमेला, इनोसेरॅमस नावाच्या शिंपल्यांचे तुकडे मिळतात. चुन्याच्या उभ्या सुयांची जुडी बांधल्यासारखा त्यांच्या कवचाचा काप दिसतो. खोल तळावर राहणारे, जगभर पसरलेले हे शिंपले लघुग्रहाच्या काही दशलक्ष वर्षं आधीच बहुतेक ठिकाणांहून नाहीसे झाले, आणि सुमाया ही गोष्ट जिथे नीट पाहिली गेली त्यांतली एक जागा आहे. त्या काळात हवा थंड होत होती आणि खोल पाण्याचे प्रवाह बदलत होते. तळाशी पोचणारं पाणी बदललं आणि त्या पाण्यावर जगणारे गेले. आकाशातून काही पडायची गरज लागली नाही.

मग रेघ. बोटभर रुंदीची काळपट चिकणमाती, तिच्यालगत कॅल्साइटची, म्हणजे चुन्याच्या खनिजाची, पांढरी शीर. डोंगर उचलला जाताना या मऊ जागेवर खडक घसरले आणि त्या फटीत कॅल्साइट बसलं. रेघेच्या पलीकडे रंगच बदलतो, गुलाबी-तांबूस चुनखडी सुरू होते. या चिकणमातीत जगभर इरिडियम हा धातू मिळतो, जो पृथ्वीच्या कवचात फार थोडा आणि अशनींमध्ये भरपूर असतो. या सीमेचं अधिकृत मानक ठिकाण ट्युनिशियात एल केफला आहे. सुमाया तिच्या साहाय्यक ठिकाणांपैकी एक.

मी रेघेवर तळहात ठेवला. ती थंड आणि ओली होती.

भाचीला तिथे उभं राहून सांगितलं ते इथेही लिहिते. रेघेच्या खाली तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या मोठ्या, नक्षीदार जाती भरलेल्या आहेत. रेघेच्या वर त्यांतल्या दहापैकी नऊ नाहीत. सूर्य झाकला गेला, वरच्या पाण्यातलं अन्न कोसळलं. मग तळावरच्यांचं काय व्हावं? तळाला स्वतःचं अन्न नसतं. वरून हळूहळू झिरपत येणारा मृत जिवांचा चुरा हीच त्यांची भाकरी. वरची चूल विझली तर खालच्यांनी आधी मरायला हवं. पण तळावरच्या फोरॅमिनिफेरांच्या अगदी थोड्या जाती इथे संपतात. काहींची संख्या घटते, काहींची वाढते, घडी विस्कटते, आणि पुढे पुन्हा बसते. लाया आलेग्रेत आणि एलन टॉमस या संशोधकांनी अनेक महासागरांतले नमुने पाहून दाखवलं, की तळाला पोचणारं अन्न सगळीकडे सारखं आटलं नव्हतं. चुन्याचं घर नसलेले काही तरंगते जीव वर तगून राहिले असणार आणि त्यांचा चुरा खाली येत राहिला असणार.

हे वाचून माहीत असणं वेगळं. चिकणमातीवर हात ठेवून, डावीकडच्या आणि उजवीकडच्या खडकात तळाचे तेच रहिवासी आहेत हे जाणणं वेगळं. माझे डोळे भरून आले. भाचीने काही विचारलं नाही.

आणि एक गोष्ट आमच्या दाराची. लघुग्रहाच्या आगेमागे काही लाख वर्षं दख्खनचा लाव्हा वाहत होता. ज्या काळ्या पाषाणावर आमचा सह्याद्री उभा आहे, ज्याच्या माथ्यावर कुजून जांभा झाला आणि त्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आमचं घर बांधलं, तो खडक तेव्हा पेटलेला होता. सीमेच्या सुमारे तीन लाख वर्षं आधी पृथ्वी काही अंश तापली आणि पुन्हा निवली. ही ऊब दख्खनच्या वायूंशी जोडली जाते. सुमायाच्या याच थरांत तिचा आणि पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांचा माग वेगवेगळा काढायचा प्रयत्न झाला आहे. म्हणजे रत्नागिरीच्या जांभ्याचं आणि आल्गोरीच्या मार्लचं पंचांग एकच.

संध्याकाळी बंदराजवळ बटाट्याचं जाड आमलेट आणि पाव. शेजारच्या टेबलावर अँचोवी होती. ती आमच्या मांदेलीच्याच कुळातली. पितृपंधरवडा म्हणून मी घेतली नाही, भाचीने घेतली.

तिसरा दिवस : अमावास्या

सर्वपित्री. घरी आईने पान वाढलं असेल, या विचारातच नऊ वाजता इत्सुरुनवर उतरलो. पाणी वेगाने मागे हटत होतं. सप्टेंबरच्या अखेरीचं उधाण मोठं, आणि उधाण मोठं म्हणजे सुकतीही मोठी. काल जिथे लाटा होत्या तिथे आज खडकाचे लांब दात उघडे पडले होते, समुद्रात आत आत जाणारे.

समुद्राकडे तोंड केलं की डावीकडे आल्गोरी, कालची रेघ. उजवीकडे जावं तसा काळ पुढे सरकतो. दोन रेघांच्या मधल्या पॅलिओसीन थरांची जाडी दीडशे मीटरांहून जास्त. तेवढ्यात एक कोटी वर्षं. मी फार हळू चालले. चुनखडी आणि मार्ल ही एक जोडी साधारण २१ हजार वर्षांची. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याबरोबर ऋतूंची तीव्रता बदलते, त्याची ती खूण. अशा पाच जोड्यांचा एक गठ्ठा म्हणजे एक लाख वर्षं, कारण कक्षेचा लंबगोलपणाही त्याच्या ठेक्याने बदलतो. भाची मोजू लागली. दहा जोड्या झाल्यावर थांबून म्हणाली, "दोन लाख वर्षं झाली, आणि आपण अजून त्याच खडकाशी आहोत."

या किनाऱ्यावर दोन सोनेरी खिळ्यांचा मान आहे. सेलँडियन आणि थॅनेशियन या पॅलिओसीनच्या दोन कालखंडांची सुरुवात जगात कुठे मोजायची, तर इथे, असं २००८ साली ठरलं. पहिली ६ कोटी १६ लाख, दुसरी ५ कोटी ९२ लाख वर्षांपूर्वीची. २०२२ मध्ये जगातल्या पहिल्या शंभर भूवारसा स्थळांची यादी जाहीर झाली, तीतही सुमाया आहे. लोक मात्र त्या खिळ्यांजवळ टॉवेल अंथरून उन्हात पडले होते, मुलं डबक्यांत खेकडे शोधत होती. मला ते फार आवडलं. खडक त्यांच्याही घरचाच आहे.

अकराच्या सुमाराला दुसऱ्या रेघेशी पोचलो.

तिला रेघ म्हणणं चूक आहे. ती पट्टी आहे, जवळपास चार मीटर जाड, करड्या-तपकिरी चिकणमातीची. आधी नेहमीचे थर चाललेले, मग करड्या चुनखडीचा एक ठसठशीत थर, मग थोडा मार्ल, आणि मग चुना नाहीसा. दोन्ही बाजूंचे थर बाहेर आलेले आणि मधला भाग समुद्राने खाऊन आत नेलेला. दात पडलेल्या जागेसारखा. या पट्टीत फोरॅमिनिफेरा जवळजवळ मिळतच नाहीत, कारण चुन्याची घरं विरघळून गेली.

झालं असं. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन सुटला. उत्तर अटलांटिक उघडताना उसळलेले ज्वालामुखी हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली आणि तापलेली अवस्था दीड-दोन लाख वर्षं टिकली. १९९१ मध्ये केनेट आणि स्टॉट यांनी अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, मॉड राइज या समुद्राखालच्या उंचवट्यावर खणून घेतलेल्या ६९० क्रमांकाच्या विवरातल्या गाळावरून हा चटका पहिल्यांदा नीट मांडला. त्याच गाळात एलन टॉमस यांना तळावरच्या फोरॅमिनिफेरांचा मोठा संहार दिसला होता. मग तो सगळीकडे सापडला. जगभर तळावरच्या जातींपैकी ३० ते ५० टक्के एकाएकी संपल्या. सुमायात निम्म्याच्या आसपास. गेल्या नऊ कोटी वर्षांत तळाच्या फोरॅमिनिफेरांवर एवढा घाला दुसरा नाही.

स्टेन्सियोइना बेकारीफॉर्मिस या नावाची एक जाती होती. पॅलिओसीनच्या खोल तळावर जगभर होती आणि डायनोसॉरांचा अंत सहज ओलांडून आली होती. करड्या चुनखडीपर्यंत ती आहे. चिकणमातीच्या पलीकडे ती नाही, कुठेच नाही. मी विद्यार्थिदशेत भिजवलेल्या बारीक ब्रशाने तिची कवचं उचलून सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवर चिकटवली आहेत. पोटाकडे गाठी गाठी, पाठीकडे सपाट. कड्यातल्या त्या पट्टीशी उभं राहून मला ती माणसासारखी आठवली.

असं का व्हावं, हे आमच्या विहिरीवरून समजतं. आमच्या घराच्या विहिरीत वैशाखातही तळाचं पाणी गार. वर ऊन, वारा, वादळ, काहीही होवो, तळाला पत्ता नसतो. लघुग्रह हे वरचं वादळ. पण झऱ्यातूनच ऊन पाणी येऊ लागलं तर? समुद्राच्या तळाचे झरे ध्रुवांकडे असतात. तिथे गार, जड पाणी प्राणवायू घेऊन बुडतं आणि तळातळाने जगभर फिरतं. या फेरीला हजार वर्षांच्या आसपास लागतात. ध्रुवांकडचा समुद्रच तापला, की तेच ऊन पाणी तळाला जातं. खोल पाणी तेव्हा चार-पाच अंशांनी तापलं. ऊन पाण्यात प्राणवायू कमी राहतो. उष्णतेने जिवांची भूक वाढते, पण वरून येणारी भाकरी तेवढीच, किंवा वाटेतच जास्त खाल्ली गेल्याने कमी. त्यात मुरलेल्या कार्बनने पाणी आम्लाकडे झुकलं. २००३ साली दक्षिण अटलांटिकमध्ये वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर वेगवेगळ्या खोलीवर विवरं खणली. तिथे दिसलं की चुना ज्या खोलीखाली विरघळतो ती पातळी दोन किलोमीटरहून अधिक वर सरकली होती. चुन्याची भिंत बांधायची तर ती उभीच राहीना.

वाचले ते लहान, पातळ कवचाचे, भराभर वाढणारे, मिळेल ते खाणारे. नटॅलिडीस ट्रुएम्पी ही जाती त्यातून पार झाली आणि पुढे दोन कोटी वर्षांच्या आसपास तळावर नांदली. तळाच्या चिखलात बिळं करणाऱ्या प्राण्यांच्या खुणाही इथल्या चिकणमातीत थांबतात आणि वर बऱ्याच उशिराने परत येतात.

भाची मऊ भिंतीकडे पाहत होती. म्हणाली, "हे आत्ताच्याशी किती जुळतं?" तिला मी आकडा सांगितला, आणि तो सांगताना माझा आवाज कापला. तेव्हा कार्बन सुटण्याचा वेग वर्षाला सुमारे एक अब्ज टन किंवा त्याहून कमी होता, असा हिशेब आहे. आज आपण वर्षाला सुमारे दहा अब्ज टन सोडतो. तळाचं पाणी आज दोन-तीन अंशांचं आहे, प्राणवायूने भरलेलं, आणि तळावरचे जीव त्या गारव्यात घडलेले आहेत. त्यांना पत्ता लागायला अजून वेळ आहे, एवढंच.

साडेबाराला पाणी परतलं. चिकणमातीच्या खाचेत पहिली लाट शिरली तेव्हा आम्ही पायऱ्यांवर होतो.

चौथा दिवस : प्रतिपदा

पाऊस. आमच्या श्रावणासारखा नाही, बारीक आणि तिरका. घरी घट बसले असतील. सकाळ आल्गोरीच्या माहितीकेंद्रात घालवली. तिथली माणसं आपल्या कड्याविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलतात तो ऐकण्यासारखा आहे. 'एस्केरिक आस्को' म्हणजे आभार, एवढं बास्क मी शिकले आणि दिवसभर वापरलं.

इथल्या तरुण, म्हणजे वरच्या रेघेनंतरच्या इओसीन थरांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी सापडते. नाव पॅलिओडिक्टिऑन. ही कुणी तरी तळाच्या चिखलात केलेली बिळांची रचना. कोणी केली ते माहीत नाही. १९७०च्या दशकात पीटर रोना यांना अटलांटिकच्या मध्यरांगेवर, सुमारे साडेतीन किलोमीटर खोल, आजच्या चिखलात तशीच जाळी दिसली. पाणबुडीने ती पुन्हा गाठून उकरून पाहिली, तरी आतला प्राणी मिळाला नाही. म्हणजे हा कारागीर आजही जिवंत असेल आणि आपल्याला त्याचं तोंड ठाऊक नाही. अशा नक्षीदार बिळांचे प्रकार इओसीनच्या सुरुवातीला, त्या चटक्यानंतर, फार वाढले. तळ रिकामा झाला, काळ लोटला, आणि मग नव्यांनी तो नव्या पद्धतीने वापरला.

दुपारी खिडकीशी बसून भाचीला पुढची गोष्ट सांगितली, कारण ती इथल्या कड्यात नाही, त्याहून नवीन गाळात आहे. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ साचलं आणि तळाचं पाणी गार होत गेलं. जे आज खोलात राहतात ते या गारठ्याचे वारस. मग हिमयुगं तीव्र होत गेली तसा आणखी एक घाव बसला. गेल्या दहा-बारा लाख वर्षांत, हिमयुगांचे हेलकावे मोठे होत असताना, लांब माळेसारखी कवचं असलेल्या फोरॅमिनिफेरांच्या शंभराच्या आसपास जाती तळावरून संपल्या. कारणाबद्दल अजून वाद आहे. अन्नाचा प्रकार बदलला असावा, असं मला वाटतं.

ऑस्ट्रॅकॉडांचं उदाहरण तिला जास्त भावलं. मोहरीहून लहान, दोन शिंपल्यांच्या डबीत राहणारे हे कोळंबीचे दूरचे भाऊबंद. उत्तर अटलांटिकच्या तळावरची त्यांची विविधता ४१ हजार वर्षांच्या ठेक्याने वरखाली होत होती, पृथ्वीच्या अक्षाचा कल बदलण्याच्या ठेक्याने. १९९७ मध्ये क्रोनिन आणि रेमो यांनी हे दाखवलं. २००८ मध्ये मोरियाकी यासुहारा आणि सहकाऱ्यांनी गेल्या वीस हजार वर्षांचा गाळ बारकाईने पाहिला. हवामान जेव्हा जेव्हा झपाट्याने फिरलं तेव्हा तळाची ही वस्ती काही शतकांत कोसळली. खोल समुद्र म्हणजे जिथे काही घडत नाही अशी जागा, हे आम्ही शिकलो होतो. माझ्या शिक्षकांनी ते प्रामाणिकपणेच शिकवलं. ते खरं नव्हतं.

"मग हजार वर्षांची फेरी आणि काही शतकांत कोसळणं, हे कसं?" तिने अचूक बोट ठेवलं. उत्तर अटलांटिकमध्ये पाणी जिथे बुडतं ती जागाच जवळ आहे. तिथे बुडणं मंदावलं की शेजारच्या तळाला लगेच कळतं. झऱ्याजवळच्याला आधी कळतं.

पाचवा दिवस : द्वितीया

ऊन पडलं. सकाळी गेतारियाला जाऊन आलो. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये परतलेल्या अठरा जणांचा म्होरक्या खलाशी एल्कानो इथला. त्याचा पुतळा, बंदर, द्राक्षांचे उतार. छान गाव आहे, पण माझं मन कड्यात होतं आणि भाचीच्या ते लक्षात आलं.

दुपारी बोटीने निघालो. समुद्रातून कडा पहिल्यांदा सबंध दिसला, पश्चिमेच्या देबा गावाच्या बाजूचे काळे जुने थर ते सुमायाचे तांबूस. आमच्या मागे, उत्तरेला, काप्ब्रेतोंची खोल घळ आहे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ सुरू होऊन ती या किनाऱ्याला समांतर पश्चिमेला जाते आणि तीन किलोमीटरहून खोल उतरते. समोर सहा कोटी वर्षांपूर्वीचा तळ उभा, मागे आजचा तळ अंधारात. दोन्हींच्या मधे आम्ही, मांडीवर शेंगदाण्याची पुडी.

बोटवाला आल्गोरीचं टोक दाखवत होता. सगळे कॅमेरे तिकडे वळले. भाची मात्र बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी होती, इत्सुरुनकडे तोंड करून. तिने हाताने खूण केली, मावशी इकडे ये. कड्यात एके ठिकाणी बाहेर आलेल्या थरांच्या ओळीत एक अंधारी खाच होती. लांबून बोटभर.

"ती बघ," ती म्हणाली. "तुझी वरची रेघ."

तेवढ्यात फोन वाजला. आई होती. आज द्वितीया, दोनची पाऊणपट दीड, म्हणजे पाणी भरायची वेळ होऊन गेली, तुम्ही खडकांवर तर नाही ना, असं विचारत होती. आम्ही पाण्यावर आहोत म्हटलं. इथे पाणी आत्ता कुठे भरू लागलंय, संध्याकाळी पुरतं येईल.

"बरं," आई म्हणाली, "मग अजून थोडा वेळ बघा."